घर आणि बिऱ्हाड

घर आणि बिऱ्हाड हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आता मुलांना सांगावं लागतं. माझ्या नातीला 'बिऱ्हाड' म्हणजे गोगलगायीच्या पाठीवरचं, एवढंच माहीत. आमच्या लहानपणी घर म्हणजे गावाकडचं, ज्याच्या देव्हाऱ्यात कुळाचे देव असत आणि ज्याच्या वाटणीवरून काका लोकांत अबोला असे. बिऱ्हाड म्हणजे नोकरीच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत मांडलेला संसार. "बिऱ्हाड कुठे केलंत?" असं लोक विचारत. जागा कुठे घेतलीत, असं कोणी विचारत नसे, कारण घेणारे होतेच किती?

हा विषय डोक्यात यायचं कारण अगदी घरगुती आहे. आमची डोंबिवलीची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेक म्हणते, "आई, पुण्याला या, ज्येष्ठांसाठी खास सोसायट्या आहेत, डॉक्टर आवारातच." मुलगा फोनवर म्हणतो, "नवीन फ्लॅट मिळतोय, सोडू नका." आणि आमचे हे म्हणतात, "मला इथून हलवू नका." तीन माणसं, तीन मतं. मी पस्तीसेक वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यामुळे प्रश्न पडला की आधी मागे जाऊन बघायची खोड आहे. आपल्या माणसांनी आजवर आपली जागा कशी निवडली? निवडली तरी का?

तर सुरुवात वाड्यापासून करते, कारण माझा जन्म पुण्यात शनिवार पेठेतल्या वाड्यात झाला. वाड्याविषयी हल्ली फार गोड गोड लिहिलं जातं. चौक, तुळशीवृंदावन, दिंडी दरवाजा, कात्रजच्या नळाचं पाणी येणारे हौद (नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७५० च्या सुमाराचं काम ते, आणि खरंच अचंबा वाटावा असं). हे सगळं खरं आहे. पण मला वाड्याची एक वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. वाड्यात वय वाढलं म्हणून घर बदलावं लागत नसे, माणूस घरातल्या घरात सरकत असे. नवीन लग्न झालेल्यांना माडीवरची खोली. बाळंतपणाला माजघराशेजारची, जिथे वारा लागत नाही आणि शेगडी ठेवता येते. कर्ता पुरुष ओसरीवर, त्याचं लिहिणं तिथे आणि आल्यागेल्याशी बोलणंही तिथेच. जिना चढवेनासा झाला की म्हातारा माणूस आपोआप खाली पडवीत यायचा. दारातून जाणारा येणारा "काय आजोबा" म्हणून हटकायचा. त्यासाठी ना कुठला करार लागायचा ना सभा. एक वळकटी उचलून दुसरीकडे टाकली की झालं.

मात्र ह्या सरकण्यात सगळ्यांना सारखी मुभा नव्हती. माझ्या वडिलांची आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी परतली, ती स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत. पुढे चाळीस वर्षं तिची जागा तीच. तिच्या गरजा बदलल्या नसतील का? गुडघे दुखले नसतील, उजेड हवासा वाटला नसेल? तिला कोणी विचारलं नाही. आणि संडास चौकाच्या पलीकडे, परसात. रात्री कंदील घेऊन जायचं. वाड्याच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, म्हणून हा मजकूर राहून जातो. असो.

पेशवाई १८१८ साली संपली आणि वाड्यांचे दिवस हळूहळू फिरले. ज्यांच्या पदरी माणसं आणि घोडे होते त्यांच्याकडे रिकाम्या खोल्या उरल्या. मग त्यात भाडेकरू आले. माझ्या जन्माच्या वेळी आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती, नळ दोन. मालक माडीवर, आम्ही चौकाच्या उत्तरेला दोन खोल्यांत सात जण.

आणि इथेच मला एक मौज वाटते. आजोबांनी आयुष्यात सहा बिऱ्हाडं केली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मुलगा हायस्कुलात गेला म्हणून शाळेजवळ. आत्या परत आली म्हणून एक खोली जास्त. एका विहिरीचं पाणी मचूळ झालं म्हणून तिसरीकडे. सामान म्हणजे हातगाडीच्या दोन फेऱ्या. आजी सांगायची, त्या काळी 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या दिसायच्या आणि मालकच भाडेकरूची वाट बघायचा. मुंबईला दादर-माटुंग्याच्या नव्या वस्तीतही तीच तऱ्हा होती म्हणतात. म्हणजे माणसं गरीब होती, पण गरज बदलली की जागा बदलत होती.

ह्या दादर-माटुंग्याची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. पुण्यातली माणसं गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिली, आमच्याकडे त्याला 'प्लेगच्या झोपड्या' म्हणत आणि कितीतरी जणांचे जन्म त्या झोपड्यांतले. मुंबईत सरकारला कळून चुकलं की माणसं अशी कोंबून ठेवली तर शहरच राहणार नाही. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रुंद रस्ते काढले, चाळी बांधल्या आणि उत्तरेकडे दादर-माटुंगा आखलं. तिथे पुढे 'ब्लॉक' आला. ब्लॉक म्हणजे ज्याच्या दाराआड सगळं स्वतःचं, नळ, मोरी आणि संडाससुद्धा. जुन्या माणसांना हे शेवटचं कलम फार जड गेलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून संडास! माझ्या एका चुलत आजीने दादरच्या मुलाकडे जेवायला नकार दिला होता म्हणे. आज त्याच म्हाताऱ्या माणसाला आपण 'अटॅच्ड' खोली देतो आणि स्वतःला सुधारलेलं समजतो.

गिरणगावाची गोष्ट निराळी. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची, १८५४ सालची. तिच्या मागोमाग गिरण्या वाढल्या आणि कोकण-घाटावरून माणसं आली, ती बहुतेक एकटी. बायको-मुलं गावी. त्यामुळे चाळीची खोली ही कुटुंबासाठी नव्हतीच मुळी. एका खोलीत दहा-पंधरा गाववाले, ट्रंका भिंतीला लावलेल्या, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. जेवण खानावळीत. ह्या खानावळी चालवणाऱ्या बायांची १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी संघटना बांधली, अन्नपूर्णा महिला मंडळ, म्हणून निदान त्यांचं नाव तरी राहिलं. सांगायचं असं की त्या गिरणी कामगाराचं घर दोन ठिकाणी विभागलेलं होतं. तरुणपणी मुंबईची खोली, म्हातारपणी गाव. थकला की तो आपला हक्काचा बिछाना गावातल्या पुतण्याला देऊन जायचा. वयाप्रमाणे जागा बदलण्याची ही एक रीतच होती, फक्त तिची किंमत गावात राहिलेल्या बाईने मोजली.

चाळींबद्दल लिहिताना बीडीडी चाळी सोडता येत नाहीत. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या केल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गंमत अशी की सुरुवातीला त्यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. कामगारांना त्या लांब वाटल्या, भाडं परवडेना. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीतल्या चाळी तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. कोणासाठी बांधतो आहोत त्याला न विचारता बांधलं की असं होतं. आणि त्याच खोल्यांत पुढे तीन-तीन पिढ्या राहिल्या! आता तिथे टॉवर उठताहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. टीव्हीवर बघताना एक आजी किल्ली कपाळाला लावत होत्या. मला भरून आलं. आणि लगेच मास्तरीण जागी झाली, की बाई, आता संध्याकाळी बसाल कुठे? तिथे तर गॅलरी नाही.

ह्या सगळ्यात जाणूनबुजून, आपली गरज ओळखून घर निवडल्याचं ठळक उदाहरण म्हणून मी वर्गात नेहमी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं देत असे. १९१२ पासून वीस वर्षांहून जास्त काळ त्यांचं बिऱ्हाड परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होतं. परदेशी शिकून आले, बॅरिस्टर झाले, तरी चाळ तीच. दोन खोल्या, एकीत संसार आणि दुसरीत अभ्यास. पण पुस्तकं वाढत गेली आणि पुस्तकांना चाळीत जागा पुरेना. मग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, ते ग्रंथालय मनात धरून. घर बांधताना दिवाणखान्याचा नव्हे तर कपाटांचा विचार करणारा माणूस! रमाबाईंना मात्र ते घर फार दिवस लाभलं नाही, २७ मे १९३५ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. मुलं हे ऐकताना नेहमी गप्प व्हायची.

आता ज्या कायद्याने आपली बिऱ्हाडं गोठवली त्याकडे येते. महायुद्धात मुंबई-पुण्याकडे लोकांचा लोंढा आला, जागा मिळेना, भाडी भडकली. मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं गेलं आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं. युद्धानंतर आणि फाळणीनंतर हे करणं भागच होतं, गरिबाचं छप्पर त्याने राखलं. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि पन्नासहून अधिक वर्षं टिकला, नवा कायदा लागू झाला तो थेट २००० साली. मधल्या काळात काय झालं? मालकाने डागडुजी सोडली. नवीन भाड्याच्या चाळी कोणी बांधेना. आणि भाडेकरू जागेला चिकटला, कारण सोडली तर दुसरी मिळणार पगडी मोजूनच.

मी १९७४ साली लग्न होऊन गिरगावात आले ती अशाच जागेत. सासऱ्यांनी १९३८ साली घेतलेल्या दोन खोल्या, भाडं अकरा रुपये. घेतल्या तेव्हा ते नवरा-बायको दोघंच होते. मी आले तेव्हा सासू-सासरे, दोन दीर, आम्ही, आणि पुढे माझी दोन मुलं. पोटमाळा काढला, गॅलरीत मोरी काढली, पलंगाखाली पलंग आला. अकरा रुपयांत आठ माणसं! स्वस्त म्हणावं की महाग, मला अजून ठरवता येत नाही. सासूबाईंना दमा होता, चाळीचा जिना उभा आणि काळोखा. त्या शेवटची चार वर्षं खाली उतरल्याच नाहीत. तळमजल्यावर जागा बघू, असं कोणाच्या तोंडून आलं नाही, कारण तो पर्यायच अस्तित्वात नव्हता. आजोबांनी हातगाडीच्या दोन फेऱ्यांत जे केलं असतं ते दोन पिढ्यांनंतर आम्हाला करता येत नव्हतं. लोक म्हणतात जुन्या माणसांना बदल आवडत नाही. मी म्हणते, बदलायची सोय काढून घेतली आणि मग आवडीनिवडीची चर्चा केली.

पुण्यात तो बदल कायद्याने नाही, पाण्याने केला. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. मी दहा वर्षांची होते. नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे पाण्यात उभे राहिले, आणि मग पाणी उतरताना बसले. आमच्या वाड्याची पश्चिमेची बाजू गेली. शहरभर अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या, आणि नंतर गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींत पूरग्रस्तांची घरं आली. पेठेतली माणसं त्या काळी ज्याला जंगल म्हणत तिथे राहायला गेली आणि दहा वर्षांत त्यांच्या मुलांना पेठ अडचणीची वाटू लागली. आई मात्र शेवटपर्यंत 'गावात जाऊन येते' म्हणायची. लक्ष्मी रोडला जायचं म्हणजे 'गावात'!

मालकीचा फ्लॅट ही कल्पना तशी जुनी. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालची, श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या खटपटीतून झालेली. पण सामान्य माणसापर्यंत ती पोचायला १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि बिल्डरला वेसण घालू पाहणारा १९६३ चा फ्लॅट मालकीचा कायदा व्हावा लागला. आणि पैसा? बँका घराला कर्ज देत नसत. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली एचडीएफसी काढली तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते, निवृत्तीनंतरचा उद्योग! (आमच्या निवृत्त मंडळींनी लक्षात ठेवावं.) आम्ही १९८५ साली डोंबिवलीला फ्लॅट घेतला तो मात्र शिक्षकांची पतपेढी, ह्यांचा प्रॉव्हिडंट फंड आणि माझ्या पाटल्या ह्यांवर. चारशे ऐंशी चौरस फूट. तीन जिने, चौपन्न पायऱ्या. इमारतीत सोळा कुटुंबं आणि सगळ्यांची वयं तिशी-पस्तिशीची. लिफ्ट हा शब्दही कोणी काढला नाही. स्टेशन किती मिनिटांवर आणि पाणी किती वाजता, एवढेच प्रश्न.

त्याच सुमाराला नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया एक निराळा प्रयोग करत होते. सिडकोसाठी त्यांनी आर्टिस्ट्स व्हिलेज आखलं, ४५ ते ७५ चौरस मीटरचे छोटे प्लॉट, दोन घरांत सामाईक भिंत नाही, आणि सात-सात घरांमध्ये मिळून एक अंगण. सामाईक भिंत नाही ती मुद्दाम. म्हणजे मुलगा मोठा झाला की वर मजला घ्या, आई आली की मागे खोली काढा, शेजाऱ्याची परवानगी नको. घर माणसाबरोबर वाढेल, ही कल्पना. मी दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीकडे तिथे गेले होते. कोरियांची कौलारू घरं आता शोधावी लागतात, बहुतेकांनी पाडून दोन-तीन मजली केली आहेत. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी त्याबद्दल हळहळतात. मला वाटतं, ज्याने 'वाढवा' म्हणून सांगितलं त्याची ही फजिती नव्हे. लोकांनी त्याचं ऐकलं, जरा जास्तच ऐकलं. फक्त एक गोष्ट मला तिथे खटकली, ती अशी की सगळ्यांनी वाढण्याचा विचार केला, आटण्याचा कोणीच नाही. विद्यार्थिनीची सासू तीन मजली घरात एकटी राहते आणि वरचे दोन मजले महिनोन्महिने बंद असतात.

तर आता आमचं. गेल्या पावसाळ्यात ह्यांची कंबर धरली तेव्हा सोसायटीतल्या चार मुलांनी खुर्चीत बसवून चौपन्न पायऱ्या खाली नेलं. मुलं गुणी आहेत, हसत हसत नेलं. पण हे परत आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. 'मला हलवू नका' हे त्यानंतरचं वाक्य आहे, हे मुलांना कळावं म्हणून इथे लिहिते.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. सहकार कायद्याच्या ७९-अ खाली २००९ साली नियम आले, २०१९ साली ते बदलले, आता निम्म्याहून अधिक सभासदांची संमती पुरते. इमारत चाळीस वर्षांची आहे, सळ्या दिसताहेत. पण नवीन इमारत उभी राहीपर्यंत तीन वर्षं तरी भाड्याने राहायचं, आणि भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा. म्हणजे पंचाहत्तरीच्या माणसांनी तीन वर्षांत तीन वेळा पातेली बांधायची. हिशोबाच्या कागदावर भाडं आणि हलवाहलवीचा खर्च आहे, हे कुठे नाही. पुण्याच्या ज्येष्ठांच्या सोसायट्याही मी बघून आले. स्वच्छ, रुंद दारं, न्हाणीघरात धरायला दांडे, जेवणाची सोय. केंद्र सरकारने २०१९ साली अशा निवासांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. मला आवडली जागा. ह्यांना नाही आवडली. "सगळीच पिकली पानं," म्हणाले. वाड्याच्या पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याला शाळेत जाणारी पोरं दिसायची, तेवढं तिथे नव्हतं हे खरं.

शेवटी सध्यापुरतं असं ठरवलं आहे. संमतीपत्रावर सही केली. सभेत मी उभी राहून चार गोष्टी लिहून घेतल्या. लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून हवी, आधी पाच पायऱ्या नकोत. तिच्यात स्ट्रेचर आडवं मावलं पाहिजे. न्हाणीघराला उंबरा नको, आणि दार चाकाची खुर्ची जाईल इतकं रुंद. एक तरुण सभासद म्हणाला, "काकू, हे सगळं तुमच्यासाठी ठीक आहे." मी विचारलं, "तुझं वय काय रे?" म्हणाला, बेचाळीस. मुद्दे इतिवृत्तात गेले.

आणि मधल्या तीन वर्षांसाठी आम्ही फ्लॅट बघत नाही. गोग्रासवाडीत एका जुन्या बैठ्या घराचा मागचा भाग भाड्याने आहे, दोन खोल्या, पुढे पडवी, समोरून शाळेचा रस्ता. घरमालकीण माझ्याच वयाची आहे, एकटी आहे, आणि अकरा महिन्यांनी काढणार नाही असं म्हणते. भाडं ठीक. पाणी सकाळी साडेसहा ते आठ. रविवारी ह्यांना रिक्षाने नेऊन पडवीत बसवून बघायचं आहे.